सात अँपिअर

मागच्या आषाढात कसारा घाटात आमच्या पद्मिनीचा फॅनबेल्ट तुटला. संध्याकाळची वेळ, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. गाडी 1978 ची. चारही इंडिकेटर एकदम लावायची कळ तिच्यात नाही. मी डावा इंडिकेटर लावला आणि आरशात बघत बसलो. मागून आलेल्या ट्रकवाल्याला वाटलं, पुढचा बाजू देतोय, म्हणजे गाडी चालती आहे. त्यानं वेग कमी केलाच नाही. अगदी जवळ आल्यावर त्याच्या लक्षात आलं. वीतभर अंतरानं वाचलो.

घरी आल्यावर मी एक साधी कळ आणली आणि स्वतःच्या अकलेनं डाव्या-उजव्या बाजूच्या तारा तिला जोडल्या. चारही दिवे लुकलुकले. मी खूश. दुसऱ्या दिवशी डावीकडे वळायला दांडी सरकवली, तर तेव्हाही चारही दिवे लुकलुकले!

म्हणून कुर्ला. जिथे ही गाडी बनायची त्याच उपनगरात, एका गल्लीत, आठ बाय दहाच्या गाळ्यात एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांची उमेदीची वर्षं काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांच्या वायरिंगमध्ये गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता त्यांच्याकडे माझ्यासारखे हौशी येतात.

"काय काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

"मोबाइल चार्ज करायला एक पॉइंट," मी म्हणालो, "आणि ते चार दिवे."

"आधी दिवे. पॉइंट तुमच्यासाठी, दिवे मागच्यासाठी."

माझी कारागिरी त्यांनी डॅशबोर्डखाली आडवं पडून पाहिली. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "दोन्ही बाजू तुम्ही कायमच्या बांधून टाकल्यात. नवरा-बायकोसारख्या. दिवे लावले तरच दोघं एकत्र, एरवी वेगळे, अशी कळ पाहिजे." खोक्यातून त्यांनी बऱ्याच टोकांची एक कळ काढली. ती बंद असली की डाव्या आणि उजव्या तारांचा एकमेकींशी संबंध राहत नाही.

मग हिशेब. पाठीमागच्या पत्र्यावर खडूनं लिहिला : चार बल्ब, एकेक एकवीस वॅटचा, म्हणजे चौऱ्याऐंशी. भागिले बारा व्होल्ट. सात. "सात अँपिअर. दिवे लुकलुकवणारा तुमचा जुना फ्लॅशर दोन बल्बांचा, साडेतीनचा. त्याच्यावर सात टाकले की आधी ताल बिघडणार, मग त्याच्या आतला कॉन्टॅक्ट जळणार." म्हणून चार बल्बांसाठी वेगळा फ्लॅशर आणि त्याला थेट बॅटरीवरून लाइन. इंडिकेटरला किल्ली चालू लागते. इंजिन बंद पडलेलं असताना किल्ली चालू ठेवली तर इग्निशन कॉइल तापत राहते. घाटात मी नेमकं तेच करत होतो. धोक्याचे दिवे किल्ली खिशात असतानाही लागले पाहिजेत.

टेस्ट लॅम्पनं तारा ओळखणं, बॉनेटखालून लाइन आत घेणं, पत्र्याच्या भोकात रबर बसवणं, यात तास गेला. मग सोल्डरिंगची पाळी आली आणि गाळ्यात राळेचा वास पसरला. लहानपणी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हाच वास यायचा, थोडा देवघरातल्या धुपासारखा. हल्ली बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची क्लिप तारेवर दाबतात, तिची पाती तार चिरते, की झालं काम. मामा ती क्लिप वापरत नाहीत. तार सोलतात, पिळतात, राळेत बुडवतात, डाग देतात, वर स्लीव्ह चढवतात. दर जोडाला तोच वास. तो नाकात बसला आहे. हे लिहितानाही येतोय.

डॅशबोर्डला भोक पाडू द्यायला मात्र माझा जीव होईना. मामांचाही होईना. जुन्याच स्क्रूखाली पत्र्याची पट्टी अडकवून तिच्यावर कळ आणि पॉइंट दोन्ही बसवले. उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर पाच मिनिटांत निघेल, गाडीवर ओरखडाही राहणार नाही.

पॉइंटचं काम त्यांनी उरकलं तेवढ्यात : बॅटरीजवळ वेगळा फ्यूज, मधोमध प्लस, बाहेरच्या कड्याला अर्थ. "साठीच्या आधीच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांना अर्थ प्लसचा असतो. तिथे असंच बसवलं तर कडं बॉडीला टेकताच ठिणगी. आपली पद्मिनी मुळात फियाट, आपल्याला भीती नाही." फोन फार करंट खात नाही. पण टायरमध्ये हवा भरायचा पंप लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. या गाडीला डायनॅमो आहे. सिग्नलला उभी राहिली की तो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर.

"मग चार दिवे रात्रभर लावले तर?"

"सात अँपिअर कधी? दिवे पेटलेले असताना. अर्धा वेळ ते विझलेलेच असतात. साडेतीन धरा. मदत येईपर्यंत पुरतं."

शेवटी कळ दाबली. चारही दिवे एका तालात. डावी दांडी, फक्त डावं. उजवी, फक्त उजवं. मामांनी गाडीभोवती फेरी मारून प्रत्येक दिवा डोळ्यांनी पाहिला, डॅशबोर्डवरच्या खुणेवर विश्वास न ठेवता.

निघताना त्यांनी एकच सांगितलं, आणि ते जुन्या-नव्या सगळ्याच गाडीवाल्यांना लागू आहे. पावसात, बोगद्यात, चौकात सरळ जायचंय म्हणून हे दिवे लावू नका. चालत्या गाडीत चारही लुकलुकत असले की तुम्ही कुठे वळणार, हे मागच्याला कळत नाही. हे दिवे उभ्या गाडीचे आहेत. सरळ जायला लाइट लागत नाही.