आठ आण्यांचा अर्धवट निरोप

पनवेल स्टेशनपासून शेअर रिक्षाच्या टप्प्यावर, माथेरान रस्त्याला लागून असलेल्या सुकापुरात किराण्याचे बिल १८७ रुपये ४० पैसे झाले, तर वरचे ४० पैसे कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. १८७ घ्यायचे की १८८, हे गल्ल्यावर बसलेला माणूस ठरवतो. छापील बिल असेल तर ‘राउंड ऑफ’ अशी एक ओळ येते, नसेल तर तोंडी मिटते. कायद्याच्या पुस्तकात मात्र आठ आण्याचे नाणे अजून हयात आहे. २०११ च्या नाणे अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार अर्ध्या रुपयाची नाणी दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध चलन आहेत. म्हणजे अशी वीस नाणी मोजून दिली, तर ती खरे तर चालायला हवीत. व्यवहारात ती पुढे करणाऱ्याकडे लोक वेड्यासारखे बघतील. देशातले सर्वांत कमी किमतीचे नाणे असे ना धड चालू, ना धड बंद. नाणे पाडायचे थांबवणे सोपे असते. त्या नाण्याने जो अपूर्णांक चुकता व्हायचा, त्याचे पुढे काय करायचे हे लिहून ठेवणे अवघड. आपण सोपे तेवढे केले, आणि त्याची किंमत थोडी थोडी करून नेहमी गल्ल्याच्या एकाच बाजूचा माणूस देतो, असे माझे म्हणणे आहे.

हे लिहिणे आपल्याला जमत नव्हते असेही नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होते, आणि यातल्या एकाही आकड्याने शंभराला नीट भाग जात नव्हता. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात. सरकारने त्यासाठी तक्ता ठरवून दिला: एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. यातला दोन आण्यांचा आकडा नीट पाहावा. हिशेबाने साडेबारा येतात. बरोबर अर्धा उरला तर खाली यायचे, असे ठरले होते. म्हणजे शंकेचा फायदा पैसे देणाऱ्याला. पोस्टाची खिडकी असो वा वाण्याचे दुकान, तक्ता एकच. गोंधळ, भांडणे आणि फसवणूक तेव्हाही झालीच असणार, पण भांडणाऱ्याला बोट ठेवायला छापील कागद होता.

पुढचा प्रवास मुंबईच्या टांकसाळीतून पाहता येतो. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोरची ही वास्तू १८२० च्या दशकात बॉम्बे इंजिनिअर्सच्या मेजर जॉन हॉकिन्स यांनी उभारली; नाण्यावरच्या सालाखाली छोटी हिऱ्याची खूण दिसली की ते इथले. पहिला नया पैसा कांस्याचा, दीड ग्रॅमचा होता. १९६४ मध्ये त्याचे ‘नया’ गेले, मग कांस्यही गेले आणि ॲल्युमिनियमचे हलके चौकोनी नाणे आले. पाच पैसे चौकोनी, दहा पैसे नागमोडी कडांचे, वीस पैसे षटकोनी: हाताला आकारावरून किंमत कळावी अशी ती सोय होती. १९८८ पासून दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे स्टेनलेस स्टीलचे झाले, चार आण्यावर गेंडा आला. महागाई वाढत गेली तसा धातू स्वस्त होत गेला आणि शेवटी स्वस्तातला धातूही परवडेनासा झाला. २००७ च्या सुमारास तर आपली लहान नाणी वितळवून दाढीची पाती बनवायला बांगलादेशात चोरून जातात, अशा बातम्या कोलकात्याहून येत होत्या.

२० डिसेंबर २०१० च्या अधिसूचनेने निकाल लागला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी वैध चलन राहिली नाहीत. आदल्या दिवसापर्यंत बँकांच्या लहान नाण्यांच्या भांडारांत ती बदलून मिळत होती. आठ आण्याला तेवढे वगळले, त्याला त्याच वर्षी नवे रूपही दिले. पण रिझर्व्ह बँकेचे गेल्या काही वर्षांचे वार्षिक अहवाल चाळले तर लहान नाण्यांचा आकडा एकाच जागी खिळलेला दिसतो: सुमारे १,४७९ कोटी नग, किंमत ७०० कोटी रुपये. यंदा तेवढेच, गेल्या वर्षीही तेवढेच. जे नाणे खरोखर फिरते त्याची मोजदाद इतकी निश्चल राहत नाही. ही नाणी डब्यांत, देवघरांत आणि जुन्या पर्सच्या अस्तरात आहेत, बाजारात नाहीत.

अपूर्णांक मात्र जागच्या जागी राहिला, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी आपापल्यापुरती वाट काढली. व्याज जवळच्या पूर्ण रुपयात मांडावे, पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. जीएसटी कायद्याचे १७० वे कलम कराच्या रकमेबाबत तेच म्हणते. राष्ट्रीय महामार्गांचा पथकर पाचाच्या पटीत येतो. पनवेलहून लोकल पकडणाऱ्याला दुसऱ्या वर्गाचे तिकीट पाच-पाचच्या पायऱ्यांनीच मिळते. बँक, करखाते, पथकर नाका, रेल्वे, सगळ्यांकडे नियम आहे. नियम नाही तो सुट्ट्या डाळीचे वजन गुणिले भाव करून आलेल्या रोख बेरजेला. तिथे मोड नाही म्हणून चॉकलेट हातात पडते, आणि ते परत देऊन कोणाला काही विकत घेता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की नियम केला तर सगळे दर वरच्याच आकड्याला सरकतील. संख्याशास्त्र म्हणते, एकूण बेरजेवर जवळच्या रुपयाचा नियम लावला तर कधी वर, कधी खाली, वर्षाकाठी फिटंफाट. किराण्याला हे बहुतांशी लागू पडते, कारण दर खेपेची बेरीज वेगळी असते. पण रोज तोच प्रवास करणाऱ्याला ते लागू पडत नाही, आणि आक्षेपात तथ्य आहे ते इथे. जून २०१८ मध्ये एसटीने अठरा टक्के भाडेवाढ करताना तिकिटे पाचाच्या पटीत आणली: सात होत असतील तर पाच, आठ होत असतील तर दहा. महामंडळाच्या तिजोरीत दोन्ही बाजू मिटल्या. आठवाला प्रवासी मात्र रोज दोन रुपये वर देत राहिला. त्याच्या नशिबी सातचा टप्पा कधी आलाच नाही. मग जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के वाढीत पुन्हा एका रुपयाची पट आली, दहाचे तिकीट अकरा झाले आणि वाहक-प्रवाशांत सुट्ट्यावरून वाद सुरू झाले. एकदा सोय न्यायावर चढली, एकदा न्याय सोयीवर. कॅनडाने यातून बरी वाट काढली. ४ मे २०१२ ला तिथे शेवटचा सेंट पाडला, आणि पुढच्या फेब्रुवारीत वितरण थांबवताना सांगितले की फक्त रोखीत, फक्त अंतिम बेरजेवर, जवळच्या पाच सेंटांवर यावे. कार्डाने देणाऱ्याने नेमकी रक्कम द्यावी.

दुसरा आक्षेप यूपीआयचा. फोनवरून ४० पैसेही जातात, मग नाण्याची चर्चा कशाला? खरे आहे, जातात. पण फोनवाल्याला नेमका भाव आणि रोखवाल्याला दुकानदाराच्या मर्जीचा, अशी दोन गिऱ्हाइके एकाच रांगेत उभी राहिली, तर नियमाची गरज दुसऱ्याला अधिकच आहे. तो बहुधा आठवड्याचा बाजार रोख मजुरीतून करणारा असतो. नियमाविना नाणे थांबवणारे आपण एकटे नाही: अमेरिकेने १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनातला शेवटचा सेंट पाडला, तोही रोख बेरजेचा देशव्यापी नियम न करताच. श्रीमंत देशाने केले म्हणून ते शहाणपणाचे ठरत नाही.

तिकडे मुख्य कारण खर्चाचे दिले गेले: एक सेंट पाडायला २०२४ च्या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट लागले. आपल्याकडे माहिती अधिकारातल्या २०१८ च्या उत्तरानुसार मुंबईत रुपयाच्या नाण्याला १ रुपया ११ पैसे लागत होते. तेवढ्यावरून रुपयाही बंद करा म्हणणारे आहेत. मला हे पटत नाही. नाणे एकदाच खर्ची पडत नाही, शेकडो हात फिरते. खर्च त्या फेऱ्यांवर विभागायला हवा. आठ आण्याच्या फेऱ्या संपल्या आहेत. रुपयाच्या चालू आहेत, निदान अहेराच्या पाकिटावर चिकटवण्यापुरत्या आणि एसटीच्या अकरा रुपयांपुरत्या.

पण रुपयाचीही पाळी कधीतरी येईल, आणि तेव्हा तो एकटा जाणार नाही. दोन आणि पाचाच्या नाण्यांनी एक किंवा तीन रुपये मोड परत घेतल्याशिवाय देताच येत नाहीत. म्हणून न्यूझीलंडने १९९० मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने १९९२ पासून एक व दोन सेंट जोडीनेच काढले. आपली उडीही मग थेट पाच रुपयांवर असेल, आणि गल्ल्यावरचा माणूस आपल्या मर्जीने फिरवील ती रक्कम काही पैशांची राहणार नाही, चार रुपयांपर्यंत जाईल. आठ आण्याला रीतसर निरोप देणारी अधिसूचना काढून त्याच कागदावर रोख बेरजेचा नियम लिहायचा, अर्धा उरला तर १९५७ सारखा खाली सोडायचा, आणि रोजच्या पासाला नेमका हिशेब द्यायचा, हे चूक झाली तरी पैशांतच निभावेल तोवर करून घ्यावे.