नाक चोंदलेले मूल वर्गात काय शिकते?

'वावडे' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला धुळीचे. वैद्यकात यालाच अधिहर्षता किंवा ॲलर्जी म्हणतात. ॲलर्जी हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये घडवला. परागकण, बुरशीचे बीजाणू किंवा अंथरुणातील धुळीत राहणारे अतिसूक्ष्म कोळी बहुतेकांना काहीच करत नाहीत. काहींचे शरीर मात्र त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आय-जी-ई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे नाक, श्वासनलिका व त्वचेतील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच कण पुन्हा आला की काही मिनिटांतच या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. मग नाकातून पाणी, शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर गांधी, आणि श्वासनलिका आवळल्या तर दमा.

यात सहसा जिवावर बेतत नाही, म्हणूनच कुणी फारसे मनावर घेत नाही. 'त्याला नेहमीच सर्दी असते' एवढे म्हणून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण ज्या सर्दीत ताप नसतो, नाकातून पाण्यासारखा स्राव येतो, खाज सुटते आणि जी आठवडेच्या आठवडे रेंगाळते, ती बहुधा साधी सर्दी नसते. अशी मुले तळहाताने नाक खालून वर चोळत राहतात. काहींच्या नाकावर त्यामुळे आडवी रेघ उमटते. डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटे बसणाऱ्या मुलापेक्षा वर्गात पाच तास बसणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे अधिक सहज दिसते.

खरे नुकसान रात्री होते. नाक चोंदल्याने मूल तोंडाने श्वास घेते, झोप तुटते, आणि सकाळी ते हजर असूनही वर्गात नसते. हे मोजायचे कसे? कॅनडातील एलिझाबेथ ज्युनिपर यांनी दम्याच्या ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी २३ प्रश्नांची प्रश्नावली केली. ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा विशेष असा, की उत्तरे आईवडील देत नाहीत, मूलच देते. खेळताना त्रास झाला का, राग आला का, इतरांपेक्षा वेगळे वाटले का, असे तिचे प्रश्न. फुप्फुसांची यंत्राने केलेली मोजणी आणि मुलाचे उत्तर यांचा नेहमी मेळ बसतोच असे नाही. श्वास बरा असलेले मूलही खो-खोच्या संघातून वगळले गेल्याने खचलेले असू शकते.

परीक्षेवरचा परिणाम इंग्लंडमध्ये तपासला गेला. तेथे गवताचे परागकण उन्हाळ्यात उडतात आणि शालान्त परीक्षाही तेव्हाच असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, परीक्षेच्या दिवसांत परागज्वराची लक्षणे असणाऱ्यांची एखाद्या विषयातील श्रेणी हिवाळ्यातील सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी अधिक दिसली. झोप आणणारी ॲलर्जीची औषधे घेणाऱ्यांत तर ती सुमारे ७० टक्क्यांनी अधिक होती. आपल्याकडे सर्दीसाठी दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत व औषधांत क्लोरफेनिरामिन असते आणि तेही झोप आणते. कमी गुंगी आणणारी औषधे आता उपलब्ध आहेत. पालकांनी डॉक्टरांकडे ती विचारून घ्यावीत.

आता घाटनांदूरकडे येऊ. अंबाजोगाई तालुक्यातील या भागात पावसाळा सरता सरता सोयाबीनची मळणी सुरू होते, भुसा आणि धूळ हवेत असते, आणि सहामाही परीक्षाही त्याच सुमारास येते. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे मूल दिसेनासे झाले, की ते आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले असेल असे आपण धरून चालतो, आणि ते बहुधा खरेही असते. पण दम्याने घरी बसलेले मूलही त्याच रकान्यात जाते.

यात भर गाजर गवताची. पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदले गेलेले हे तण मराठवाड्यात रस्त्याकडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात सगळीकडे आहे. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कुणी चटक चांदणी. त्याच्या परागांनी शिंका व दमा बळावतो. शिवाय त्यातील पार्थेनिन या द्रव्याने त्वचेचा दाह होतो. हा दाह वेगळ्या वाटेने होतो: आय-जी-ईचा येथे संबंध नाही, पांढऱ्या पेशी द्रव्य ओळखतात आणि एकदोन दिवसांनी चेहरा, मान, कोपराच्या घड्या खाजू लागतात. म्हणून कारण लक्षात येत नाही. हा विकार मुख्यतः शेतात राबणाऱ्या प्रौढांचा. पण एकदा ही ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर सुटत नाही.

आणि आपण काय करतो? पंधरा ऑगस्टच्या आधी श्रमदानात मुलांकडून हेच फुलोऱ्यातले गवत उघड्या हातांनी उपटून घेतो! आम्हांला ही प्रथा ताबडतोब थांबवण्याजोगी वाटते. गवत फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मोठ्यांनी हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालून मुळासकट काढावे. मोकळ्या झालेल्या जागी तरोटा वाढू दिला तर तो गाजर गवताला दाबतो. मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा हा भुंगा १९८४ पासून भारतात या कामी सोडला जातो. पण तो पावसाळ्यातच पोटभर खातो, त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, आणि दमेकरी मुलाला झाडण्याऐवजी दुसरे काम द्यावे. खेळातून मात्र त्याला काढू नये. आधी हळूहळू अंग गरम करू द्यावे आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळापूर्वी पंप ओढू द्यावा. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज शिक्षकांतही आढळतो. वस्तुतः पंपातले औषध मायक्रोग्रॅमच्या मापात थेट श्वासनलिकेत जाते. गोळीतले मिलिग्रॅमच्या मापात सगळ्या शरीरात फिरते. मुलाला धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर त्याला बसते ठेवून पंप द्यावा आणि वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. हा पंप मुलाच्या दप्तरातच असावा, मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात नव्हे.