आकाशातील अंथरूण

आपल्या मराठी भाषेत बसण्याच्या जागेला केवढा मान आहे! राजाला सिंहासन, महंताला गादी, जावयाला पाट आणि पुढाऱ्याला खुर्ची. कोणाला काय बसायला दिले यावरून त्याची पायरी ओळखावी, ही आपल्याकडची जुनी रीत. पाट मांडायला उशीर झाला म्हणून रुसून बसलेले व्याही आपण सर्वांनी पाहिले आहेत. दुसऱ्या बाजूने आपलीच एक म्हण बजावते की, अंथरूण पाहून पाय पसरावे. मान आणि अंथरूण या दोन्ही गोष्टी जेथे अक्षरशः एकाच ठिकाणी येऊन बसल्या आहेत, अशी जागा म्हणजे प्रवासी विमानातील 'बिझनेस क्लास'चे आसन. प्रस्तुत लेखात त्याच आसनाचा थोडा विचार करावयाचा आहे.

वाचक म्हणतील, एरंडोलच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या जळगावच्या विमानतळावरून २०२४ मध्ये पुन्हा सेवा सुरू झाली ती एटीआर जातीच्या लहान विमानांची. त्यांत दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात आणि बिझनेस क्लास नसतो. मी स्वतः त्या वर्गातून प्रवास केलेला नाही, आणि नजीकच्या काळात तसा योगही दिसत नाही. परंतु माझा मोठा आतेभाऊ मुंबईला विमानांच्या अंतर्भागाच्या दुरुस्तीचे काम करतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडून या आसनांची माहिती ऐकली आणि लक्षात आले की, हा विषय श्रीमंतांच्या चैनीपुरता नाही. माणसाच्या पाठीला काय हवे असते, आणि ते कोणाला किती द्यायचे हे कोण ठरवते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. तो रोज बसने कॉलेजला येणाऱ्या आपल्यासारख्यांचाही आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. तिचा सांगाडा लाकडी होता आणि आसने काथ्याची होती. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा मार्गे लंडनला निघाले. एकाच महाराष्ट्रातून, एकाच आठवड्यात, दोन प्रवास सुरू झाले! एकाच्या आसनाखाली काथ्या होता, दुसऱ्याच्या आसनाला मागे कलण्याची सोय होती. पुढील पाऊणशे वर्षांत दोन्ही आसने बदलली. पण सारख्या वेगाने बदलली नाहीत.

विमानातील आसनाचा आराम मुख्यतः तीन मापांवर अवलंबून असतो. पहिले माप म्हणजे एका आसनापासून त्याच्या पुढच्या आसनापर्यंतचे अंतर. याला विमानवाले 'पिच' म्हणतात. साध्या वर्गात ते साधारण ३० ते ३२ इंच असते. काही स्वस्त विमान कंपन्यांत २८-२९ इंचही असते. यातच पाठीची जाडी, मांड्या आणि गुडघे सर्व मावायचे असते. दुसरे माप रुंदीचे. साध्या वर्गात ती १७-१८ इंच. तिसरे माप म्हणजे पाठ किती मागे कलते. दिवसा दोन तासांच्या प्रवासात पहिली दोन मापे महत्त्वाची. रात्रीच्या आठ-दहा तासांच्या प्रवासात तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे. ताठ बसून झोपणाऱ्याची मान पुढे लोंबते, कंबरेवर भार येतो आणि पाय तासन्‌तास खाली लोंबकळत राहिल्याने पोटऱ्यांतील रक्ताचा प्रवाह मंदावतो. त्यातून क्वचित रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. हा धोका बस, रेल्वे, विमान यांपैकी कोठेही दीर्घकाळ न हलता बसले तरी असतोच. तात्पर्य, पाठ कलणे आणि पाय वर उचलले जाणे या गोष्टी केवळ ऐषारामाच्या नव्हेत, शरीराच्या गरजेच्या आहेत.

ही गोष्ट आपल्याकडे ज्यांनी फार लवकर ओळखली ते जे.आर.डी. टाटा. एअर इंडियाचे अध्यक्ष असताना ते स्वतः प्रवासी म्हणून विमानात बसत आणि उतरल्यावर बारीकसारीक टिपणे लिहून अधिकाऱ्यांकडे पाठवीत. १९५१ सालच्या अशाच एका टिपणात त्यांनी नोंदवले होते की, काही खुर्च्या इतरांपेक्षा कमी कलतात आणि त्यामुळे रात्रीच्या प्रवासाला गैरसोयीच्या ठरतात. मागे भिंत असलेली शेवटची रांग वगळून सर्वांचा कल वाढवावा. एवढ्या मोठ्या उद्योगपतीने खुर्ची किती अंश कलते याकडे लक्ष द्यावे, हे मला फार मोलाचे वाटते. आसनाची परीक्षा कागदावर होत नाही. त्यात रात्र काढावी लागते. हा त्यातला धडा.

पुढे १९७१ साली एअर इंडियाकडे 'एम्परर अशोक' हे पहिले जंबो विमान आले. त्याच्या खिडक्यांभोवती बाहेरून राजस्थानी झरोके रंगविलेले होते आणि जाहिरातीत त्याला आकाशातील महाल म्हटले जाई. या अवाढव्य विमानांनी प्रवासाचे अर्थकारण बदलले. जागा भरण्यासाठी कंपन्या सवलतीची तिकिटे विकू लागल्या. त्यामुळे ऐनवेळी पूर्ण भाडे भरून कामासाठी निघालेला व्यापारी आणि महिनाभर आधी स्वस्तात तिकीट काढलेला पर्यटक हे दोघे शेजारी-शेजारी, एकाच मापाच्या आसनावर बसू लागले. व्यापाऱ्याची कुरकुर सुरू झाली. तिच्यातून १९७८-७९ च्या सुमारास पहिला वर्ग आणि साधा वर्ग यांच्यामध्ये तिसरा वर्ग जन्माला आला. १९७९ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने त्याला 'बिझनेस क्लास' हे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. आरंभी त्यात फार काही नव्हते. थोडी रुंद खुर्ची, थोडे लांब पाय, बस्स. एकूण आपल्या एस.टी.तील 'साधी' आणि 'निमआराम' यांच्यातला फरक!

खरी क्रांती झाली ती २००० साली. त्या वर्षी ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारे आसन आणले. त्यानंतर इतर कंपन्यांची धांदल उडाली. काहींनी मधला मार्ग काढला: आसन सरळ तर होईल, पण जमिनीशी तिरके राहील. कागदावर ते सपाटच! प्रत्यक्षात मात्र पायथ्याकडे उतरती असलेली खाट जशी झोपू देत नाही तसे त्याचे झाले. झोपलेला माणूस हळूहळू पायाकडे घसरे, पुन्हा वर सरके. अशी आसने हळूहळू मागे पडली. शरीराला फसवता येत नाही, हे यातून दिसते.

आता कोणी विचारील की, साडेसहा फुटांचे अंथरूण विमानात मावते कसे? येथे रचनाकारांची खरी हुशारी दिसते. आपल्याकडे लग्नघरी ओसरीवर पाहुणे झोपतात तेव्हा जागा पुरावी म्हणून तिरपे पडतात. एकाचे पाय दुसऱ्याच्या खांद्याशेजारी येतात. नेमकी हीच युक्ती विमानात आहे. आसने मार्गिकेशी तिरपी लावतात, किंवा एकाचे पाय पुढच्याच्या बाजूच्या मेजाखालील पोकळीत जातात. त्यामुळे प्रत्येकाला झोपायला साडेसहा फूट मिळतात, परंतु दोन रांगांतील अंतर त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच राहते. शिवाय एका ओळीत एक-दोन-एक अशी चारच आसने ठेवली की कोणालाही शेजाऱ्याला ओलांडून जावे लागत नाही. २०२४ च्या जानेवारीत एअर इंडियाने सेवेत आणलेल्या ए-३५० विमानांत अशी २८ आसने आहेत आणि प्रत्येकाला सरकते दार आहे. त्याच विमानात साध्या वर्गाची आसने २६४ आहेत. चौघांच्या रुंदीत तेथे नऊ जण बसतात. रुंदी सव्वादोन पट आणि लांबी दीडपटीच्या आसपास धरली, तर बिझनेस क्लासचा एक प्रवासी साध्या वर्गातील तीन-साडेतीन प्रवाशांची जागा घेतो, असा हिशेब निघतो. शिवाय साधे आसन दहा किलोच्या आसपास भरते, तर हे आसन यंत्रे, पडदे आणि दारे मिळून कित्येकदा बसणाऱ्या माणसापेक्षा जड असते. भाडे चौपट का, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

या साऱ्या थाटामाटात आराम किती आणि देखावा किती? माझ्या मते दाराला लोक फार महत्त्व देतात. दार म्हणजे एकांत. त्याने पाठ दुखायची थांबत नाही. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली, पाय घालायच्या त्या पोकळीत. ती अरुंद असली की कूस बदलताना गुडघे आणि बोटे आपटतात. साडेसहा फुटांचे अंथरूण असूनही पाय बेडीत अडकल्यासारखे होतात. दुसरी कसोटी गादीची. बसायला गादी जरा घट्टच लागते, नाहीतर माणूस तळाला टेकतो. झोपायला ती मऊ लागते. एकाच गादीकडून दोन्ही कामे करून घ्यायची म्हटली तर एकाला उणेपणा येणारच. म्हणून चांगल्या कंपन्या रात्री वरून वेगळी पातळ गादी अंथरायला देतात. घडीच्या चादरीवर पाच रुपयांची वाकळ टाकण्यासारखे साधे काम. परंतु दिखाऊ लाकडी नक्षीपेक्षा त्याचा उपयोग अधिक. आतेभावाने हे सर्व समजावून सांगितले तेव्हा आत्या बाजूला भाकरी थापत होती. ती अहिराणीत एवढेच म्हणाली, "पाय लांबा कराले जागा नही ते गादी काय कामनी?" मोठमोठ्या परीक्षणांचे सार मला त्या एका वाक्यात सापडले.

याच आसनाची आणखी एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. विमानाच्या आसनाला सुरक्षिततेच्या कठोर परीक्षा द्याव्या लागतात. अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने १९८४ साली आसनाच्या गाद्या लवकर पेट घेणार नाहीत असा नियम केला. १९८८ साली नव्या रचनेच्या विमानांसाठी आणखी एक नियम आला: धडकेत वजनाच्या सोळापट जोर आला तरी आसन जागचे उखडता कामा नये. त्यासाठी आसनावर माणसाच्या वजनाचा पुतळा बसवून प्रत्यक्ष धडक देऊन पाहतात. आता गंमत पाहा. ही परीक्षा लक्षाधीशाच्या दारवाल्या आसनाला आहे, तशीच शेवटच्या रांगेतील मधल्या आसनालाही आहे. म्हणजे आराम भाड्याने मिळतो, पण जीवाची हमी कायद्याने सर्वांना सारखी मिळते. तेथे कोणी म्हणत नाही की, अंथरूण पाहून पाय पसर.

मग आरामातला निदान किमान वाटा तरी सर्वांना सारखा का मिळू नये? हा प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर आपल्याच एका प्राध्यापकाने देऊन ठेवले आहे. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकविणारे प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात देशाचे रेल्वेमंत्री होते. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली नावाने संपला होता. तरी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्या लाकडीच होत्या. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याचा निर्णय घेतला. वरच्या वर्गाला खाली ओढावयाचे नसून खालच्या वर्गाला वर आणावयाचे, अशी त्यांची भूमिका होती. दोन इंच! महालाचे झरोके नाहीत, दार नाही, पडदा नाही. परंतु म्हसावदच्या स्टेशनवरून गाडी पकडून मजुरीला निघालेल्या माणसाच्या पाठीला पुढे रात्रभर आधार मिळाला तो त्या दोन इंचांचा. मला विचाराल तर भारतातील आसनाच्या इतिहासात सर्वांत मोठा बदल हाच.

टाटा आणि दंडवते यांची मते अनेक बाबतींत दोन टोकांची. एक उद्योगपती, दुसरे समाजवादी. पण आसनाच्या बाबतीत दोघांनी एकच गोष्ट केली: बसणाऱ्याच्या पाठीकडे पाहिले. एकाने कल मोजला, दुसऱ्याने जाडी मोजली. आज बसच्या बांधणीसाठीही आपल्या देशात नियम आहेत आणि त्यांत आसनांची किमान मापे दिलेली आहेत. तरीही आपण बसमध्ये चढल्यावर गुडघे समोरच्या पत्र्याला टेकले, तर 'चालायचेच' म्हणून गप्प बसतो. आपल्या तालुक्यातील मुले-मुली रोज बसने कॉलेजला येतात, कष्टकरी माणसे रात्रभराच्या गाडीने सुरत-पुण्याला जातात. त्यांना सपाट बिछाना कोणी देणार नाही आणि त्यांची तशी मागणीही नाही. त्यांचा प्रश्न दोन-चार इंचांचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यातून उद्या कोणी शिक्षक होईल, कोणी नगरपालिकेत किंवा परिवहन खात्यात अधिकारी होईल, कोणी शाळेचे बाक विकत घेण्याच्या कागदावर सही करील. त्या दिवशी सही करण्यापूर्वी त्या बाकावर तासभर बसून पाहावे, एवढीच या लेखाची विनंती. अंथरूण पाहून पाय पसरावे हे गरिबाला सांगितलेले शहाणपण आहे. अंथरूण कापणाऱ्याने मात्र आधी पाय मोजून घ्यावेत.