मिस्सेतलं शांतीचं चिन्ह

रविवारची मिस्सा संपत आलेली असते. प्रभूची प्रार्थना म्हणून झालेली असते, ख्रिस्तप्रसाद अजून वाटायचा असतो. फादर वेदीवरून सगळ्यांना प्रभूची शांती देतात, लोक उत्तर देतात, आणि मग एकमेकांना शांतीचं चिन्ह द्यायला सांगितलं जातं. बाकावरची माणसं उजवीकडे वळतात, डावीकडे वळतात, मागे बघतात. हात जोडून किंचित वाकतात आणि ‘शांती असो’ म्हणतात. अर्ध्या मिनिटात आटोपतं. नवख्याला वाटतं, ही ओळखीपाळखीची वेळ असावी. तसं नाही. ख्रिस्तप्रसादाआधी ओलांडायचा हा उंबरठा आहे.

याचं मूळ येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात सापडतं. दान घेऊन वेदीपाशी आल्यावर भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं तो सांगतो. बारकाईने पाहा: इथे राग तुमच्या मनात आहे असं म्हटलेलं नाही. राग भावाच्या मनात आहे, आणि तरीही उठून जायचं तुम्ही. ‘माझ्या मनात तर काही नाही’ ही पळवाट इथे चालत नाही.

बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रांत एकमेकांना ‘पवित्र चुंबन’ द्यायला सांगितलंय. इ.स. १५५च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा संत जस्टिन उपासनेचा क्रम देतो: प्रार्थना संपल्या की चुंबन, त्यानंतर भाकर आणि प्याला पुढे आणायचा. म्हणजे अर्पणाच्या आधी. पुढे पुरुषांनी पुरुषांना आणि स्त्रियांनी स्त्रियांना, असा दंडक आला. पूर्वेकडच्या चर्चेसनी जुनी जागा सोडली नाही. केरळच्या सिरो-मलबार मिस्सेत आजही शांती अर्पणप्रार्थनेच्या तोंडाशी येते.

रोमची वाट वेगळी झाली. पोप पहिले इनोसंट यांनी ४१६ साली गुब्बिओच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात, शांती अर्पणविधी उरकल्यावरच द्यावी असं बजावलं. त्यामुळे ती प्रभूच्या प्रार्थनेपाठोपाठ आली. आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हांला कर, असं आपण नुकतंच मागितलेलं असतं. लगेच शेजारी वळून त्या शब्दाला जागायचं असतं. मला ही जागा फार अर्थपूर्ण वाटते.

मध्ययुगात युरोपात चुंबनाऐवजी एक छोटी पाटी आली. लाकडाची, धातूची किंवा हस्तिदंताची. पुढे क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र, मागे धरायला मूठ. फादर तिचं चुंबन घेत, मग ती लोकांतून फिरे. आधी कुणी घ्यायचं, यावरून मानापमान सुरू झाले. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याने गर्वाच्या लक्षणांत हे नोंदवून ठेवलंय. कालांतराने पाटी मागे पडली आणि शांती बहुतेक वेदीजवळच्या धर्मगुरूंपुरती उरली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या नव्या उपासनाविधीत ती पुन्हा सर्वांची झाली. भारतासाठी रोमने १९६९मध्ये हात जोडण्याची पद्धत मान्य केली. आपल्याकडे हेच शोभतं: सासू सुनेला, मालक गड्याला हात जोडतो, तेव्हा दोघांचीही मान सारखीच झुकते.

ही शांती आपल्या खिशातली नाही, हे मात्र विसरू नये. ती वेदीवरून येते. आपण फक्त पुढे देतो. पुनरुत्थानानंतर येशू दारं लावून बसलेल्या शिष्यांत आला, त्यांना शांती दिली आणि हातांवरच्या, कुशीतल्या जखमा दाखवल्या. त्याला सोडून पळालेलीच ही माणसं. जखमा न लपवता दिलेली शांती ती हीच. म्हणून मन प्रसन्न असेल तेव्हाच हात जोडायचे, असा काही नियम नाही.

नियम आहे तो जवळच्यांनाच चिन्ह देण्याचा. २०१४मध्ये व्हॅटिकनने परिपत्रक काढून सांगितलं की लोकांनी जागा सोडून फिरू नये, धर्मगुरूंनी वेदी सोडू नये, शांतीसाठी वेगळं गाणं म्हणू नये, लग्नात या वेळी अभिनंदन करत बसू नये. काहींना हे रूक्ष वाटलं. मला पटतं. आवडती माणसं शोधत फिरलो तर निवड आपली होते. जागेवर राहिलं की शेजारी जो असेल तोच आपला भाऊ.

खरी अडचण त्यानंतरची. ज्याच्याशी अबोला आहे तो बहुधा शेजारी नसतोच. वाडीच्या बांधावरून, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून भावाभावांचं बोलणं बंद होतं. एक पहिल्या मिस्सेला जातो, दुसरा नंतरच्या. दोघेही अनोळखी माणसाला शांती देऊन घरी येतात. मिस्सेच्या शेवटी ‘शांतीने जा’ म्हणून निरोप मिळतो, तो अशा घरी जाण्यासाठीच. पौल तर म्हणतो, राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नका. सगळं एका दिवसात मिटत नाही. कोर्टातला दावा तर नाहीच. पण सणाला ताट पाठवणं, दवाखान्यात भेटायला जाणं, मयतीला खांदा देणं, हे दावा चालू असतानाही करता येतं.

तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि मित्राच्या लग्नाच्या मिस्सेला बसला असाल, तर ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जाऊ नका. तो दीक्षितांसाठी असतो. पण शेजारचा हात जोडून तुमच्याकडे वळला, तर बिनधास्त हात जोडा आणि ‘शांती असो’ म्हणा. त्याला कुठलीही अट नाही.