जुना संगणक नव्या संगणकाच्या पोटात

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. तेव्हापासून मला येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला आहे. इंदूरहून, बडोद्याहून, हुबळीहून, अगदी इथे बेंगळुरूतूनही विचारणा एकच: "नवा संगणक घेतला, विंडोज ११ आलं, आणि जुनं मराठी सॉफ्टवेअर बंद पडलं. आता माझ्या फायलींचं काय?" आजचा भाग त्यासाठी.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. तुम्ही म्हणाल, माझं सॉफ्टवेअर ३२-बिट आहे, ते चालायला हवं. बरोबर, पण नव्वदच्या दशकातल्या कित्येक सॉफ्टवेअरचं सेटअप १६-बिट होतं, आतला माल मात्र ३२-बिट. म्हणजे जवान तंदुरुस्त आहे, पण त्याला गेटवरूनच परत पाठवलं जातं. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'कंपॅटिबिलिटी' बदलून बघायला हरकत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. चाललं तर उत्तम, हा भाग इथेच सोडा. पण १६-बिट सेटअप त्याने हलत नाही.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या डीटीपीच्या दुकानांत ते पोचायला खूप वर्षं गेली. तोवर काम चालायचं ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर, सी-डॅकच्या आयएसएमवर, नाहीतर आमच्या बेंगळुरूच्याच सायबरस्केपने केलेल्या आकृतीवर. यांत अक्षरांचे सांकेतिक क्रमांक प्रत्येकाचे वेगळे. फाइलमध्ये खरं तर 'क' नसतोच, एक क्रमांक असतो, आणि फाँट त्या क्रमांकाच्या जागी 'क' चं चित्र दाखवतो. फाँट काढून घेतला की उरतो तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत, ट्रस्टच्या घटनेपासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत पंधरा-वीस वर्षांचं मराठी असं कुलपात पडलेलं आहे. त्यातलं बरंचसं पेजमेकरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती २००१ ची. त्याच्या फायली इनडिझाइन सीएस६ पर्यंत उघडत होत्या, त्यानंतरच्या इनडिझाइनमध्ये उघडत नाहीत.

माझ्यासमोर हा प्रश्न आला तो एका सुभेदार मेजर साहेबांमुळे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त, बेळगाव भागातले, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी नोकरीतल्या आठवणी हाताने लिहून काढल्या होत्या आणि गावातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. पुस्तक काही छापलं गेलं नाही. डीटीपीवाला वारला, दुकान गेलं, हस्तलिखित एका पावसाळ्यात भिजून गेलं. उरली एक सीडी आणि सात फ्लॉप्या. आता साहेबांना डोळ्यांनी दिसत नाही. नातू मोबाइलवर त्यांना वर्तमानपत्र ऐकवतो, मोबाइलच वाचून दाखवतो ते. साहेबांनी मला फोनवर विचारलं, "सर, माझं लिखाण हा फोन वाचेल का?"

फोन वाचेल, पण युनिकोड असेल तर. त्या चिवड्यातून तो एक शब्दही वाचू शकत नाही.

इथे व्हर्च्युअलायझेशन कामाला येतं. शब्द लांबलचक आहे, कल्पना साधी आहे. तुमच्या नव्या संगणकात एक असा प्रोग्रॅम टाकायचा, जो आत एक पूर्ण संगणक असल्याचं सोंग वठवतो: त्याची मेमरी, त्याची हार्ड डिस्क, त्याचा सीडी ड्राइव्ह. त्या सोंगाच्या संगणकावर विंडोज एक्सपी चढवायचं. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. पाहुण्याला वाटतं आपण २००३ सालच्या मशीनवर राहतो आहोत, आणि तुम्हाला तो दिसतो एका चौकटीत, जशी दुसरी कुठलीही खिडकी. त्याची हार्ड डिस्क म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल. उचलून दुसऱ्या संगणकावर नेली तरी पाहुणा तसाच जागा होतो.

ही युक्ती आजची नाही. आयबीएमने मोठ्या संगणकांवर साठच्या दशकात हे सुरू केलं आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० म्हणून बाजारात आणलं. घरच्या संगणकावर ते आलं १९९९ मध्ये, व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे. मायक्रोसॉफ्टनेही २००९ मध्ये विंडोज ७ च्या वरच्या आवृत्त्यांसोबत 'एक्सपी मोड' दिला होता, नेमका याच कामासाठी. विंडोज ८ पासून तो काढून टाकला. मला विचाराल तर आपल्या छोट्या प्रेसवाल्यांसाठी ती सोय ठेवायला हवी होती. आज घरगुती कामाला मी व्हर्च्युअलबॉक्स सुचवतो. फुकट आहे, आणि विंडोज ११ च्या होम आवृत्तीवरही चालतं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं हायपर-व्ही होम आवृत्तीत मिळत नाही.

आता काम. आधी बायोसमध्ये जाऊन 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' चालू आहे का बघा. एएमडीच्या मशीनवर त्यालाच 'एसव्हीएम' म्हणतात. हे बंद असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवा पाहुणा तयार करा, प्रकार 'विंडोज एक्सपी, ३२-बिट'. मेमरी ५१२ एमबी पुरते, १ जीबी दिलीत तर चैन. डिस्क २० जीबी. डिस्कचा कंट्रोलर आयडीईच ठेवा, कारण एक्सपीच्या सीडीवर नव्या कंट्रोलरचे ड्रायव्हर नसतात आणि निळा पडदा येतो. एक्सपीची स्वतःची सीडी आणि चावी लागेल, जुन्या संगणकाच्या पेटीत शोधा. इंटरनेटवर 'तयार एक्सपी' म्हणून मिळतात ते उतरवू नका. त्यात आणखी कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही.

आणि नेटवर्क बंद. सेटिंगमध्ये 'नॉट अटॅच्ड' करा. यावर मी वाद घालत नाही. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठी खास दुरुस्ती काढावी लागली होती. असा पाहुणा घरात ठेवायचा तर त्याच्या खोलीला बाहेरचं दार नको. फायली आत नेण्यासाठी त्यांची आयएसओ फाइल बनवा आणि ती पाहुण्याच्या सीडी ड्राइव्हमध्ये 'घाला'. बाहेर आणायला यूएसबी पेनड्राइव्ह पुरतो, बाहेर आला की अँटिव्हायरसने तपासायचा.

सगळं बसलं की, जुनी फाइल उघडण्याआधी, एक स्नॅपशॉट घ्या. काही बिघडलं तर एका क्लिकवर त्या क्षणाला परत जाता येतं. खऱ्या संगणकावर ही चैन कधी नव्हती.

फ्लॉपी आणि जुन्या हार्ड डिस्क वाचण्यासाठी मी आमच्या एस. पी. रोडवर गेलो. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह आणि आयडीई डिस्क यूएसबीला जोडायची केबल, दोन्ही तिथे मिळाली. तुमच्या गावात जुने संगणक दुरुस्त करणारा असेल त्याला विचारा. सातपैकी पाच फ्लॉप्या वाचल्या गेल्या. दोन गेल्या त्या गेल्या, नशिबाने त्यातला मजकूर सीडीवर होता.

एक अडचण सांगतो, जी पुष्कळांना येईल. त्या काळी लिपीच्या सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल यायचं, प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लावायचं. आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नाही, आणि यूएसबीचा प्रिंटर केबलचा जोड डोंगलला सहसा चालत नाही. डोंगल यूएसबीचं असेल तर पाहुण्याला ते सरळ देता येतं. पण थांबा: तुम्हाला नवं टाइप करायचंय, की जुनं बाहेर काढायचंय? डोंगल लागतं ते टाइप करायला. उघडून बघायला आणि मजकूर काढायला पेजमेकर आणि ते फाँट पुरतात. साहेबांच्या कामात मी डोंगलच्या वाटेला गेलोच नाही. ज्यांच्याकडे डॉसच्या काळातलं जिस्ट कार्ड वापरून केलेलं काम आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही, कारण ते खरोखरचं कार्ड होतं आणि पाहुण्याला त्याचं सोंग घेता येत नाही. पण त्या फायली इस्की संकेतात असतात, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली असल्यामुळे त्या सरळ बदलता येतात.

पेजमेकरमधून मजकूर काढताना प्रत्येक 'स्टोरी' वेगळी निर्यात होते. डीटीपीवाल्याने चौकटी एकमेकींना जोडलेल्या असतील तर अख्खं प्रकरण एका दमात येतं, नाहीतर तुकडे. पानाचं रूप जसंच्या तसं हवं असेल तर पोस्टस्क्रिप्ट फाइल काढून तिची पीडीएफ करा. पण पीडीएफ झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. त्यातून कॉपी केलं की पुन्हा तोच चिवडा. मजकूर हवा तर त्या विशिष्ट फाँटचा युनिकोड परिवर्तक वापरायचा.

परिवर्तक नव्वद टक्के काम करतो, उरलेलं आपण. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी साठवलेला असतो, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. ही अदलाबदल जोडाक्षरांत अडखळते. आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या परिवर्तकाला आपला 'ऱ्य' माहीतच नसतो. आम्ही प्रकरणं एकेक करून पाठवत होतो आणि नातू फोनवर ऐकवत होता. एका संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "सर, माझ्या लंगरात आचार्य कुठून आले?" त्यांनी लिहिलं होतं 'आचाऱ्यांना', परिवर्तकाने करून ठेवलं होतं 'आचार्यांना'. कांदे चिरणाऱ्यांना एकदम पीठाधिपती केलं होतं. मी स्वतः दोनदा वाचलं होतं, नजरेतून सुटलं. त्यांच्या कानाने पकडलं. मग अशा सगळ्या जागा शोधून बदलल्या: दऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर. तुम्हीही 'र्य' आणि 'र्ह' हे दोन शोध शेवटी लावाच, आणि प्रत्येक जागा बघून बदला. एकदम सगळ्या बदलल्यात तर 'सूर्य' आणि 'धैर्य' बिघडतील.

ॲपलच्या एम मालिकेतला मॅक असलेल्यांनी विचारलंय, त्यांना थोडक्यात: त्या चिपवर एक्सपी असं व्हर्च्युअलाइज होत नाही, वेगळ्या चिपचं अनुकरण करावं लागतं. यूटीएममधून ते जमतं, पण पाहुणा संथ चालतो. मजकूर काढण्यापुरतं चालेल.

साहेबांच्या पाहुण्याची फाइल साधारण सहा जीबीची झाली. तिच्या दोन प्रती ठेवल्यात, एक माझ्या बाहेरच्या डिस्कवर, एक नातवाकडे. मूळ पेजमेकर फायली आणि फाँट त्याच फोल्डरमध्ये आहेत, सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कुठला फाँट, कुठली आवृत्ती, एक्सपीचा पासवर्ड काय हे लिहून ठेवलंय. साहेब आता नातवाला दोन नवी प्रकरणं सांगतायत. तो थेट फोनवरच टाइप करतो.