मेसमधलं सोयाबीन आणि टेस्टोस्टेरॉनची भीती

दर गुरुवारी मेसमध्ये सोयाबीनच्या वड्यांची भाजी असते आणि आमच्या टेबलावर ती कोणी घेत नाही. का? तर म्हणे, "टेस्टोस्टेरॉन कमी होतं!" खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मीही ती टाळली. मी लातूरकडचा. घरी बाबा सोयाबीन पेरतात, माझी फी त्यातूनच येते. शेवटी माझीच मला लाज वाटली आणि लायब्ररी गाठली.

सोयाबीनच्या दाण्यात जेनिस्टीन, डेडझीन ही आयसोफ्लेव्होन गटातली रसायनं असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती. पेशीतला रिसेप्टर हे कुलूप समजा, तर ही डुप्लिकेट किल्ली. ती कुलपात बसते, पण तिचा जोर खऱ्या किल्लीपेक्षा कितीतरी कमी.

आता आपल्या भाषेत. टेस्टोस्टेरॉनचं उत्पादन म्हणजे क्लोज्ड लूप कंट्रोल सिस्टीम. मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी ग्रंथी हा कंट्रोलर, वृषण हा प्लँट, रक्तातली पातळी हा फीडबॅक. या फीडबॅकमध्ये इस्ट्रोजेनचाही वाटा असतो. म्हणजे शंका अगदीच खुळी नव्हती.

त्यात १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीचं क्लोव्हर गवत खाऊन मेंढ्या वांझ झाल्या. त्या गवतातही याच गटातलं रसायन होतं. पण मेंढ्या जवळपास तेवढंच खात होत्या, आणि त्यांच्या पोटात त्याचं रूपांतर जास्त प्रभावी इक्वॉलमध्ये होत होतं. माणसातही २००८ साली एक केस नोंदली गेली. एका गृहस्थाची छाती सुजली, इस्ट्रोजेन वाढलं. तो रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होता! बंद केल्यावर बरा झाला.

मग नेहमीच्या आहाराचं काय? २०२१ साली ४१ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. सोयामुळे पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये किंवा इस्ट्रोजेनमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

एक खबरदारी मात्र खरी आहे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत अंतर ठेवावं, कारण सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. किती अंतर, ते डॉक्टरांना विचारा.

बाकी, १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात. शाकाहारी मुलांना इतकी स्वस्त प्रथिनं दुसरीकडे कुठे मिळणार? तेव्हा येत्या गुरुवारी ताट पुढे करा. भाजी बेचव लागली तर मेस कमिटीकडे तक्रार करा, उगाच हार्मोनवर ढकलू नका!