कुणकेश्वराची पायवाट

माघाची थंडी ओसरू लागली, सड्यावरून आंब्याच्या मोहोराचा गंध दरवळू लागला, की सिंधुदुर्गातील भाविकांचे चित्त कुणकेश्वराकडे ओढ घेऊ लागते. देवगड तालुक्यात अगदी सागराच्या काठी वसलेले हे शिवक्षेत्र दक्षिण कोकणची काशी म्हणून ओळखले जाते. महाशिवरात्रीच्या यात्रेस आज मोटारी आणि एस. टी.च्या गाड्या भरभरून येतात. सकाळी घर सोडलेला यात्रेकरू दुपारपूर्वीच दर्शनाच्या रांगेत उभा असतो. ही सोय मोठीच आहे, यात शंका नाही. परंतु या यात्रेचे मूळ रूप पाहावयाचे असेल, तर मंदिराकडे येणाऱ्या वाटांकडे दृष्टी वळवावी लागते. कारण येथे माणसांबरोबर गावोगावचे देवही पायी चालत येतात.

देव निघतात ते गावरहाटीच्या रीतीने. प्रथम ग्रामदेवतेस कौल लावला जातो. कौल मिळाला तरच त्या वर्षी स्वारी निघते. काही गावांचे देव तर अनेक वर्षांनी एकदा तीर्थस्नानास बाहेर पडतात. मानकरी एकत्र बसून वाट ठरवितात, मुक्काम ठरवितात, त्या त्या गावास आगाऊ निरोप धाडतात. निघण्याच्या घडीला गाऱ्हाणे होते, ‘व्हय म्हाराजा’चा गजर उठतो, आणि ढोलताशांच्या नादात लुगडी नेसविलेली तरंगे, निशाण व अब्दागीर यांसह देव उंबरठा ओलांडतात. साक्षात देवसुद्धा अनुज्ञेवाचून आणि मुक्काम ठरविल्यावाचून निघत नाहीत, मग आपण तरी उठलो आणि चालू लागलो असे का करावे? दूरच्या पायी यात्रेचा पहिला धडा येथेच मिळतो.

घरातील चारपाच मंडळींनी मालवणहून पायी निघावयाचे म्हटले, तर वाट सुमारे चाळीस किलोमीटरांची पडते. एका दमात ती चालण्याचा अट्टाहास करू नये. महाशिवरात्र ही माघ वद्य चतुर्दशीची. म्हणून द्वादशीच्या पहाटे निघावे आणि त्रयोदशीच्या सायंकाळी पोचावे, हे उत्तम. उपवासाचा दिवस आणि चालण्याचा दिवस यांची गाठ पडू दिली नाही, तर वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीस त्रास होत नाही. पहिल्या दिवशी कोळंब, कांदळगाव, हडी, वायंगणी या वाटेने आचऱ्यास यावे आणि श्री देव रामेश्वराच्या दर्शनाने दिवसाची समाप्ती करावी. दुसऱ्या दिवशी मुणग्यास श्री भगवतीपुढे मस्तक नमवून मिठबाव, तांबळडेग, कातवण असे कुणकेश्वर गाठावे. एकेकाळी या खाड्या तरीने ओलांडाव्या लागत. आता पूल आहेत. ओहोटी दिसली म्हणून पूल सोडून पाण्यात उतरण्याचे धाडस कोणी करू नये.

पुळणीवरून चालावयाचे असल्यास भरतीओहोटीचे गणित ठाऊक हवे. आपल्या किनाऱ्यावरील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्रयोदशी म्हणजे तेरा. त्याची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे त्या दिवशी पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तेथून सहा तासांहून थोड्या अधिक काळाने, चारच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा आडाखा ढोबळ आहे; तरीही चारच्या बेतास तांबळडेगच्या किनाऱ्यावर पोचणाऱ्यास ओली, घट्ट वाळू पायांखाली मिळते आणि पश्चिमेकडे कलणारा सूर्य सोबतीला असतो. भर दुपारी मात्र कातळावरून अनवाणी जाणे टाळावे. अनवाणी चालण्याचा नवस असेल, तर पहाटेचे आणि सायंकाळचे तास त्यासाठी राखावे.

ओझे थोडके असावे. अंगावरचे एक व जादा एक वस्त्र, पांघरूण, पाण्याचे भांडे, विजेरी आणि नित्याची औषधे एवढे पुरे होते. निघताना उकड्या तांदळाची पेज घेतली, वाटेत शहाळ्याचे पाणी वा कोकमाचे सरबत मिळाले, की उन्हाचा ताप जाणवत नाही. ज्यांना सारी वाट झेपत नाही, त्यांनी मिठबावपासूनचा अखेरचा टप्पा तरी चालावा. परतीस एस. टी. आहेच.

या पायवाटेकडे भाविकांचे लक्ष वेधण्यास आणखी एक कारण आहे. चालणाऱ्यास तहान लागते, म्हणून वाटेवरच्या अंगणात पाण्याचा घडा भरलेला असतो. त्यास रात्री विसावा लागतो, म्हणून देवळाची ओसरी सारवली जाते. ज्या घरी देव व देवाची माणसे उतरतात, त्या घरास तो आपला मान वाटतो. आणि अशा मुक्कामांतूनच गावागावांमध्ये पिढ्यान् पिढ्यांचे सोयरेपण जुळले आहे. गाडी कोणाच्याही दारी थांबत नाही. चालणारे उरले नाहीत, तर घडा भरून ठेवण्याचे प्रयोजनही उरणार नाही, आणि एका पिढीच्या अवधीत हे सोयरेपण पुसले जाईल. मंदिरे जीर्णोद्धाराने पुन्हा उभी राहतात. मोडलेली वाट पावलांवाचून उभी राहत नाही. म्हणून मुलानातवंडांस एकदा तरी या वाटेने न्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते. वाटेत कचरा टाकू नये, आणि ज्यांनी पाणी दिले त्यांचे नावगाव विचारून घ्यावे, हेही त्यांस शिकवावे.

कुणकेश्वराविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. एका परदेशी व्यापाऱ्याचे गलबत वादळात सापडले असता त्यास किनाऱ्यावर दिवा दिसला. वाचलो तर तेथे देऊळ बांधीन, असा नवस त्याने केला आणि तो फेडला. वाटसरूस दिसलेल्या दिव्यातून उभे राहिलेले हे स्थान आहे, असेच जणू ही कथा सांगते. ओहोटीच्या वेळी मंदिराजवळच्या खडकांत कोरलेली शिवलिंगे उघडी पडतात. भरती आली की सागर स्वतः त्यांवर अभिषेक करतो. चतुर्दशीची रात्र जागरात जाते, आणि अमावास्येस गावोगावची तरंगे समुद्रस्नानास उतरतात. त्या गर्दीत धुळीने माखलेल्या पावलांनी उभे राहण्याचे समाधान ज्याने एकदा घेतले, तो पुढील माघाची वाट पाहू लागतो. श्री देव कुणकेश्वर सर्व वाटसरूंस सुखरूप पोचवो, हीच प्रार्थना. हर हर महादेव!